मर्ल हॉस्किन्सचे वॉकीटॉकी

मर्ल हॉस्किन्सची सारी नोकरी हरवलेल्यांचा पत्ता लावण्यात गेली. कोलोरॅडोच्या पश्चिम टोकाला, जिल्ह्याच्या शेरीफच्या पोलीस कचेरीत तो वायरलेसवर बसायचा. कुणाच्या गायी हमरस्त्यावर आल्या, कुणाचा ट्रक बर्फात घसरला, कुणाचा नवरा शिकारीहून परतला नाही, हे सगळं आधी मर्लच्या कानात यायचं आणि मग गावात. त्याचा आवाज इतका सपाट होता, की घराला आग लागल्याची बातमी त्यानं दिली तरी ऐकणाऱ्याला टपाल येऊन गेल्यासारखं वाटे. बायको या आवाजाला कंटाळून फीनिक्सला निघून गेली. घरी बोलताना माणसानं वाक्य संपलं की वायरलेसवरच्यासारखं ‘ओव्हर’ म्हणू नये, एवढंच तिचं म्हणणं होतं.

निवृत्त झाल्यावर मर्लनं डोंगरात चालवायची सायकल घेतली आणि दर बुधवारी एकत्र सायकली चालवणाऱ्या मंडळींत जाऊ लागला. पुढारी कर्टिस, गावचा दातांचा डॉक्टर. बुधवारी दुपारी तो दवाखाना बंद ठेवी आणि गाव दातदुखी गुरुवारपर्यंत पुढे ढकली. त्याच्या मागे लोवेल, सुतार. मधे डोरीन, जी शाळेची बस चालवायची आणि मोठ्या माणसांशीही बसमधल्या पोरांसारखीच बोलायची. तिच्यासोबत आणखी दोघं-तिघं. आणि सगळ्यांच्या शेवटी मर्ल. शेवटच्या माणसाला तिकडे ‘झाडू’ म्हणतात, कारण मागे कुणी राहिलं तर गोळा करत येणं हे त्याचं काम. मर्ल झाडू झाला तो हळू चालवायचा म्हणून. पण पदाला नाव असलं की हळू चालवणं हीही एक जबाबदारी होते.

मंडळींचा एकच नियम होता. वाट जिथे फुटते तिथे थांबायचं, झाडू येईपर्यंत. मग लाल खडकांवर बसून पाणी प्यायचं, केळी खायची, कुणाच्या मुलीनं कुणाशी लग्न मोडलं ते बोलायचं. मर्ल पोचला की बाकीचे ताजेतवाने होऊन उठायचे. म्हणजे सगळ्यांत दमलेल्याला सगळ्यांत कमी विश्रांती. मर्लची त्याबद्दल तक्रार नव्हती. त्याला खंत एवढीच होती, की गप्पांचं फक्त शेवटचं वाक्य त्याच्या वाट्याला येतं. लग्न कुणाचं मोडलं हे त्याला कधीच कळलं नाही.

म्हणून त्यानं वॉकीटॉकी आणले. त्या दरीत मोबाइल चालत नाहीत, सुरक्षेचा प्रश्न आहे, असं तो सगळ्यांना म्हणाला. आणि ते खरंही होतं. आधी आपलं नाव, मग निरोप, मग बटण सोडायचं, हे त्यानं गाड्या लावायच्या जागेत उभं राहून शिकवलं. “एकानं बटण दाबलं असेल तोवर दुसऱ्या कुणालाच बोलता येत नाही. तेव्हा थोडक्यात बोला,” तो म्हणाला. डोरीननं विचारलं, “हे यंत्र माझ्या घरच्यांसाठी मिळेल का?”

मंगळवारी संध्याकाळी तो सगळ्यांचे वॉकीटॉकी स्वतःच्या स्वयंपाकघरात चार्ज करी आणि बुधवारी देवाचा प्रसाद वाटावा तसे वाटी. दोन-तीन आठवड्यांतच परिणाम दिसला. आता फाट्यावर कुणी थांबेना. थांबायचं कशाला? “कर्टिस बोलतोय, डावीकडे वळा,” एवढं सांगितलं की झालं. मंडळी मैलोगणती पुढे, आणि मर्ल मागे एकटा, कानात सगळ्यांचे आवाज घेऊन. पूर्वी निदान शेवटचं वाक्य समोरासमोर मिळायचं. त्यामुळे तो दर थोड्या वेळानं विचारू लागला, “झाडू बोलतोय. सगळे ठीक?” सगळे ठीक असत. तरी तो परत विचारी.

ऑक्टोबरातल्या एका बुधवारी त्यानं असंच विचारायला बटण दाबायची तयारी केली, तेवढ्यात यंत्रातून धापा टाकण्याचा आवाज आला. मग कर्टिस म्हणाला, “बस जरा. मागचे अजून लांब आहेत.”

कर्टिसनं यंत्र छातीच्या पट्ट्यावर लावलं होतं. हँडलवर वाकताना पट्ट्याचं बकल नेमकं बटणावर सरकून तिथंच अडकलं होतं. मर्लनं हे पहिल्या श्वासातच ओळखलं. असे अडकलेले आवाज त्यानं नोकरीत पुष्कळ ऐकले होते. कर्टिसला सावध करायचा मार्गही नव्हता, कारण बटण दाबलेलं होतं. लोवेलचं यंत्र बंद करून पिशवीत. डॉक्टर बरोबर असताना आणखी एक यंत्र कशाला, असा त्याचा हिशेब.

“मर्लचं काय करायचं रे?” कर्टिस म्हणाला. “त्याला गुरुवारवाल्यांकडे देऊन टाकू.”

गुरुवारवाले नदीकाठच्या सपाट रस्त्यावर विजेच्या सायकली चालवत आणि दर बाकावर केळ्याचा केक खात. मर्ल सायकलवरून उतरला. या मंडळींशिवाय त्याच्या आठवड्यात बुधवार होताच कुठे? बाकीचे सगळे वार एकमेकांसारखेच होते.

“हळू आहे म्हणून?” लोवेल.

“हळू असू दे. बोलतो किती! मी चढावर मरतोय, आणि हा विचारतो, सगळे ठीक? ठीक आहे म्हणायला श्वास लागतो. माझे गुडघे गेलेत, लोवेल. मी पुढे का असतो? मला कसा दम लागतो ते मागच्यांना दिसू नये म्हणून. पूर्वी मर्लच्या नावावर दर फाट्यावर बसायला मिळायचं. या डब्यांनी तेही गेलं.”

“मग त्याला सांगणार कोण?”

“डोरीन सांगेल. तिला सांगायला आवडतं. तसं तिचंही सायकल चालवणं आता फार दिवस राहिलं नाही. उतारावर ब्रेक सोडतच नाही ती.”

मधल्या चढावर डोरीन आणि तिच्याबरोबरचे थांबून ऐकत होते. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मर्ल सायकल ढकलत वर आला तेव्हा तिघं-चौघं खडकाकडे असे पाहत होते, जणू त्यावर काही लिहिलंय. डोरीननं त्याला आपल्याकडचं सँडविच दिलं.

“ऐकलंस?” तिनं विचारलं.

“चुकून दाबलेल्या बटणातून आलेलं आम्ही ऐकत नाही,” मर्ल म्हणाला. “खात्याची पद्धत.”

“मी बस खात्यात आहे. आमची तशी पद्धत नाही.”

तिथून सगळे एकत्र निघाले, झाडूच्या वेगानं. फाट्यावर पोचले तेव्हा कर्टिस खडकावर आडवा होता. एवढी माणसं एकदम आलेली बघून तो चटकन उठून बसला आणि सायकलच्या साखळीत काहीतरी शोधू लागला.

मर्ल त्याच्याजवळ गेला, पट्ट्याचं बकल उचलून दोन बोटं वर सरकवलं. सगळ्यांच्या यंत्रांतली खरखर एकदम थांबली.

कर्टिसचा चेहरा खडकाच्या रंगाचा झाला. “कधीपासून?”

“आत्ताच दिसलं मला,” मर्ल म्हणाला.

“‘बस जरा’पासून,” डोरीन म्हणाली. “मला सांगायला आवडतं ना.”

लोवेलनं पिशवीतून आपलं यंत्र काढून पाहिलं आणि ते बंद होतं याबद्दल त्याला आनंद झाला की वाईट वाटलं, ते कळलं नाही. मग मर्ल आपल्या सपाट आवाजात म्हणाला, “थंडीत या बॅटऱ्या टिकत नाहीत. सगळ्यांनी यंत्रं बंद ठेवलेली बरी. अडचण आली तरच लावायची. फाट्यावर थांबू, पूर्वीसारखे.”

आदल्या संध्याकाळी त्यानं स्वतः त्या बॅटऱ्या काठोकाठ भरल्या होत्या, आणि हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

“बॅटरीची काळजी घ्यायलाच हवी,” कर्टिस म्हणाला आणि खाली बसला. “मर्ल, तूही बस. घाई कसली आहे?”

मर्ल बसला. इतक्या वर्षांत फाट्यावर तो पहिल्यांदाच बसत होता. डोरीननं लग्नाची गोष्ट पहिल्यापासून सुरू केली. मोडलं होतं ते लोवेलच्या भाचीचं, आणि लोवेल ती गोष्ट दर तिसऱ्या वाक्याला दुरुस्त करत होता.

वसंतात एक नवा माणूस मंडळींत आला, डेन्व्हरहून. त्याच्या हेल्मेटलाच बोलायचं यंत्र होतं, हातही लावावा लागत नसे. ऊन चांगलंच तापलं होतं. कर्टिसनं यंत्र उलटसुलट करून पाहिलं आणि रुग्णाला दाढ काढावी लागेल असं सांगावं तशा गंभीरपणे म्हणाला, “छान आहे. पण आमच्या दरीत बॅटऱ्या टिकत नाहीत. मर्लला विचार. त्याचं आयुष्य यात गेलंय.”

नव्या माणसानं मर्लकडे पाहिलं.

“अजिबात टिकत नाहीत,” मर्ल म्हणाला. जरा थांबून, सवयीनं, “ओव्हर.”