रेलिक्ट म्हणे!

गल्लीत तिला नावानं कुणी हाक मारत नसे. ती धारवाली. शिंप्यांच्या कात्र्या, खाटकांचे सुरे, न्हाव्यांचे वस्तरे, सगळं तिच्या चाकाखालून जायचं. पण हत्यार हातात घेतलं की ती आधी विचारायची, "कशावर चालणार?" कापडावर चालणारी धार वेगळी, हाडावर चालणारी वेगळी. गिऱ्हाईक आढेवेढे घेऊ लागलं, की हत्यार परत त्याच्या हातात. एकदा एका शेजाऱ्यानं कोयता पुढे करून "तुम्हाला काय करायचंय?" असं गुरकावून विचारलं, तर तिनं त्याला दुकानाबाहेर काढलं आणि त्याच्या बायकोच्या कानावरही घालून आली. राग तिच्या नाकावर कायमचा मुक्कामाला होता.

विद्या बापाची, दुकानही बापाचं. नवरा मागाहून आला. तो घड्याळं दुरुस्त करायचा, तीही सावकाश. कुणी ओळख विचारली, की छाती फुगवून सांगायचा, "मी धारवालीचा नवरा!" लोक हसायचे, तो त्यांच्याहून मोठ्यानं हसायचा. ती आतून ओरडायची, "पुरे झालं कौतुक, चहा निवतोय!" पण तिला ते ऐकायला आवडायचं, आणि हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

तो गेला. त्यांच्या ख्रिस्ती घराण्यात नवरा-बायकोच्या कबरीवर एकच दगड असे. जो आधी जाई त्याचं नाव कोरताना दुसऱ्याचंही कोरून ठेवत आणि तारखेची जागा मोकळी सोडत. दगडाचं मुलानं अंगावर घेतलं. मुलगा कॉलेजात इतिहास शिकवायचा. आईवर त्याचा जीव होता, जुन्या इंग्रजीवर जरा जास्तच होता. घराण्यातले जुने दगड इंग्रजीत, म्हणून हाही इंग्रजीत.

पाथरवट नवऱ्याचा लहानपणापासूनचा दोस्त. त्यानं आपली बारीक छिन्नी धारवालीकडे आणली आणि "त्याच्या दगडासाठी, वहिनी," एवढंच कसंबसं म्हणाला. आयुष्यभर जगाला विचारत आलेली ती त्या दिवशी मात्र विचारायला विसरली. डोळे भरून आले होते. तिनं चाकावर पाणी सोडलं आणि जीव ओतून धार लावली.

दगड बघायला ती मुलाबरोबर पाथरवटाच्या अंगणात गेली. नवऱ्याचं नाव फार सुरेख उतरलं होतं. खाली तिचं नाव होतं, आणि नावापुढे एक शब्द.

"हे काय?"

"रेलिक्ट," मुलगा उत्साहानं म्हणाला. "म्हणजे विधवाच, पण भारदस्त शब्द आहे, आई. मूळ लॅटिन. पूर्वी कबरींवर, मृत्युपत्रांत, कोर्टाच्या कागदांत हाच असायचा. अमुक बाई, तमुक गृहस्थांची रेलिक्ट. आता माणसांसाठी कुणी वापरत नाही. शास्त्रज्ञ तेवढे वापरतात, बाकीचं सगळं नाहीसं झाल्यावर एखाद्या कोपऱ्यात तग धरून राहिलेल्या झाडाझुडपांसाठी."

"ते झाडांचं झालं. शब्दाचा अर्थ काय?"

मुलाचा आवाज उतरला. "मागे सोडलेली. मागे उरलेली."

"उरलेली? डब्यात तळाशी उरते तशी?"

"तसं नाही गं."

"आणि बायको आधी गेली, तर नवऱ्याला काय लिहायचे?"

"हाच शब्द चालायचा... पण क्वचित."

"भावोजी, तुम्ही एवढे जुने दगड पाहिलेत. त्यांच्यावर एखादा उरलेला पुरुष पाहिलात?"

पाथरवटानं आठवून बघितलं. "नाही बुवा."

धारवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्याच धारेनं मला उरलेली करून ठेवलंत! तो गेला, त्याचं दुःख माझं आहे, ते मी उगाळत बसेन नाहीतर गिळेन. पण मी त्याच्या मागे राहिलेलं सामान नाही. तो यायच्या आधी मी होते, तो होता तेव्हा होते, आणि आताही आहे. काढा तो शब्द."

"एकटा शब्द निघत नाही, वहिनी," पाथरवट हळूच म्हणाला. "सगळ्या दगडाचा वरचा थर घासून काढावा लागेल. मग त्याचंही नाव जाईल. आणि असं नाव माझ्या हातून पुन्हा उतरेल, असं मला नाही वाटत."

तिनं नवऱ्याच्या नावावर हात ठेवला. अक्षरं खोल होती, कडा जिवंत होत्या.

"राहू दे ना, आई," मुलगा म्हणाला. "कुणाला कळतोय त्याचा अर्थ?"

"मला कळला ना आता!"

तिनं छिन्नी मागून घेतली. दगड कापून तिचं तोंड बोथट झालं होतं. अंगणात पाथरवटाचं एक जुनं चाक होतं, त्यावर ती धार लावायला बसली, आणि मधेच थांबून तिनं स्वतःलाच मोठ्यानं विचारलं, "कशावर चालणार?" या वेळी उत्तर तिला माहीत होतं. उठली, छिन्नी त्या शब्दावर टेकवली आणि हातोडा घातला. ठोक्यामागून ठोका देत तिनं रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली. रेघ वाकडी आली.

"अगं, लोक विचारतील!" मुलगा कळवळला.

"विचारू देत की. मी आहे तोवर मी सांगेन. नंतर तू सांग. इतिहासच शिकवतोस ना?"

मग तिनं छिन्नी पाथरवटाच्या हातात दिली. "आता त्याच्या नावाखाली आपल्या अक्षरांत लिहा, भावोजी. धारवालीचा नवरा."

पाथरवट आधी हसला, मग त्यानं बाहीनं डोळे पुसले आणि मांडी घालून बसला. वडिलांचे शब्द दगडावर उमटताना बघून मुलगाही जवळ येऊन बसला. शेवटचा काना पडेपर्यंत ती तिथून हलली नाही. पदरानं अक्षरांवरची धूळ झटकून तिनं ते मोठ्यानं वाचलं, पुन्हा एकदा वाचलं.

"पुरे झालं कौतुक," ती दगडाला म्हणाली, आणि दुकान उघडायला निघाली.