पहिल्या बक्षिसाचे उद्घाटन

तापलेल्या काळ्या प्लॅस्टिकवर नारळाचे पाणी सांडले की एक वास उठतो. आधी गोडसर, मग करपट, आणि शेवटी थेट काळजात जाऊन बसणारा. माझ्या कवितेच्या पहिल्या आणि अखेरच्या सत्काराला हाच वास होता.

नव्वदीच्या अखेरची गोष्ट. दौंडमधल्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानाने महिलांसाठी काव्यस्पर्धा घेतली. (दुकानदाराचा कवितेशी काय संबंध, हे मला तेव्हा कळले नाही, न खपलेल्या मालाशी असावा.) माझी ‘ओल’ ही कविता पहिली आली. तिसरे बक्षीस कुकर, दुसरे मिक्सर, आणि पहिले व्हिडिओ गेम! दुसरी आलेली बाई मिक्सर छातीशी धरून माझ्याकडे अपार करुणेने पाहत होती. एखादी उपमा जराशी ढिली बांधली असती, तर जन्मभर चटणी वाटता आली असती, हा विचार घरी परतताना न्हावऱ्याच्या एसटीत मला सारखा टोचत राहिला. तरीही खड्ड्यागणिक थर्माकोल करकरणारे ते खोके मांडीवर घेऊन मी ताठ बसले होते. मला ते यंत्र नको होते. पण कोणी हात लावलेलाही खपत नव्हता.

कारण लग्न झाल्यापासून सासरच्या एकाही माणसाने माझी एकही कविता ऐकली नव्हती. मी वही उघडली, की कोणाला तरी म्हशीची धार आठवे. आता मात्र खुद्द यांचे चुलते, दूध संस्थेचे चेअरमन आप्पा, घरी येऊन म्हणाले, “सूनबाईचा सत्कार झालाच पायजे! ऐतवारी हितंच करू. शाल-नारळ माझ्याकडं. आन् सूनबाई, कविता म्हणायची बरं का. समदी ऐकत्याल!”

समदी ऐकत्याल! मी आरशासमोर सराव सुरू केला. कोठे स्वर खाली आणायचा, दुसऱ्या ओळीला पापण्या कशा मिटायच्या, सारे ठरले.

ठरले नव्हते ते एकच. आमच्या घरी कोणतेही यंत्र पूजेशिवाय सुरू होत नसे. पाण्याची मोटर, कडबाकुट्टी, यांची स्कूटर, साऱ्यांनी हळदकुंकू लावून घेतले होते. सासूबाई म्हणाल्या, “आप्पा येनारच हायती, तर त्यांच्याच हातनं मशिनीचा नारळ फोडू की.”

“आत्या, सत्कार माझा आहे,” मी क्षीणपणे म्हणाले.

“व्हय गं. तुजाबी करू.”

रविवारी दुपारपासून हे ‘ट्रायल’ घेत बसले होते. “आमच्या कुरकुंभला बी उद्घाटनाआधी ट्रायल रन असतो,” असे कंपनीचे शास्त्र त्यांनी मला ऐकवले. संध्याकाळपर्यंत यंत्र भाकरीच्या तव्यासारखे तापले. मग त्याला टीव्हीसमोर पाटावर बसवले, भोवती रांगोळी काढली, झेंडूची माळ घातली. मला शेजारी खुर्ची दिली. माळ एकच होती.

आप्पांनी भाषण केले. त्यात माझा उल्लेख ओझरता आणि दुधाच्या फॅटचा सविस्तर झाला. मग त्यांनी माझ्या खांद्यांवर शाल घातली, हातात नारळ दिला. नव्या शालीचा तो उबदार, किंचित नॅप्थलीनचा दरवळ! डोळे भरून आले. मी वही उघडणार, इतक्यात सासूबाई दचकल्या.

“अगं बया! मशिनीला नारळ आनायचा राहिला!”

“वहिनी, ह्यो काय सूनबाईच्या हातात!” आप्पा म्हणाले, आणि माझे श्रीफळ माझ्या हातातून गेले.

आप्पांनी तो नारळ असा फोडला, की जणू संस्थेतला विरोधी गटच हाती लागला होता. अर्धे पाणी यंत्रावर पडले, उरलेले सासूबाईंनी भक्तिभावाने शिंपडले, वर कुंकवाची चिमूट. यंत्र फुसफुसले. टीव्हीवर हिरवे पट्टे धावू लागले. आणि तो वास!

“अडाप्टर काढा! पुसा, पुसा!” हे ओरडले.

“फडकं कुठंय?”

फडके माझ्या खांद्यांवर होते. माझी शाल कोणी ओढली, ते गर्दीत दिसले नाही. ती परत आली तेव्हा मात्र तिला खोबऱ्याचे तुकडे चिकटले होते.

“कॅसेटीत कुंकू गेलंय. आप्पा, मारा फुंकर!” यांनी कॅसेट पुढे केली. आप्पांनी छाती भरून फुंकर मारली. लाल ढग उठला आणि आप्पांच्या टोपीवर, मिशांवर, पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर उतरला. नेमके तेव्हाच शेजारचे दामूअण्णा दारात आले.

“आरं वा, आप्पा! बिनविरोध व्हय?”

आणि यंत्र सुरू झाले! (मी मनोमन ते मेल्याची बातमी ऐकायला सज्ज होते, थोडी दुःखी, बरीचशी मोकळी.) पडद्यावर दोन रणगाडे आले. एक आप्पांनी घेतला, दुसरा सासूबाईंनी. दोन्ही घरांत शेताच्या बांधावरून जुने वैर. त्यामुळे शत्रूचे रणगाडे दोघांनीही तसेच सोडले.

“वहिनी, माझ्या हद्दीत येऊ नगा!”

“हद्द तुमीच कोरत आलाय आजवर, आप्पा! आता दावते!”

खोली दोन गटांत विभागली गेली. चहा निवला. कवितेची आठवण एका जिवालाही नव्हती. म्हणून मीच उठले. सत्कारमूर्तीने स्वतःला पुकारू नये, हे मला ठाऊक होते. पण उभे राहण्यापुरती जागा एकच उरली होती, पाटापलीकडची. तेथे उभी राहून मी पहिली ओळ उच्चारली:

“भेगाळल्या भुईच्या ओठी अजून ओल आहे...”

आणि आश्चर्य! आरडाओरडा थांबला. सगळी खोली माझ्याकडे पाहू लागली. सासूबाईंचे डोळे विस्फारले, मान कलती झाली, ओठ थरथरू लागले. इतक्या वर्षांनी पोहोचली तर माझी कविता! मी स्वर खाली आणला, ठरवल्याप्रमाणे पापण्या मिटल्या आणि दुसरी ओळ त्यांच्यासाठीच म्हटली. त्यांनी गहिवरून माझा पदर धरला. मी खाली वाकले. त्या कळवळून म्हणाल्या,

“सरक!”