दर्याशी घासाघीस नाही

"थांबा शेट, आदी दर्या बगू," असं म्हणून तो मिठागरवाला म्हातारा बोट थुंकीने ओलं करायचा आणि खाडीच्या दिशेने वर धरायचा. मी भाव बोलत असायचो आणि हा वारा तपासत बसायचा. माझं डोकं तापायचं.

पनवेलच्या बाजारात मी डोक्यावर पाटी घेऊन मीठ विकलंय. पुढे ठोक व्यापारी झालो, तरी माल स्वतः बघून, घासाघीस करूनच उचलायचो. भल्याभल्यांना मी भावात वाकवलं. हा एकटा म्हातारा वाकला नाही. खाडीकाठी त्याचं बापजाद्यांचं मिठागर होतं. आजूबाजूची मिठागरं नव्या शहराच्या भरावाखाली गेली होती. हे एक राखायचं, एवढाच त्याचा ध्यास. "मीठ पिकतंय तवर कोन हात लावतंय?" म्हणायचा.

स्वतःचंच पंचांग असलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. याचं होळीत होतं. गावच्या होळीचं जळतं खोड डोंगराकडे पडलं, तर त्या साली दर्या निजणार. खाडीकडे पडलं, तर वादळ. गंमत म्हणजे काही वर्षं ते जमतही गेलं.

मी चिडवायचो, "बाबा, खोड कुठे पडलं ते समुद्राला कळवतं कोण?"

"आन तुमचा रेडिओ काय त्याला इचारून बोलतो?"

मग एका साली खोड डोंगराकडे पडलं. मे महिन्यात रेडिओने अरबी समुद्रातलं वादळ सांगितलं. मी स्कूटर काढून धावलो. मिठाच्या राशी उघड्या, झाकायचा पेंढा बाजूला तसाच पडलेला.

"आजच्या आज झाका!" मी ओरडलो.

"शेट, उगा बोंबलू नका. दर्या निजलाय. आजून थोरं ऊन खाऊ द्या मिठाला."

दुसऱ्या दिवशी वादळाने बांध फोडला. वर्षाचं मीठ ज्या खाडीतून आलं, त्याच खाडीत गेलं.

पुढच्या साली तो होळीला गेलाच नाही. एप्रिलमध्येच मिठाचे वाफे बंद केले, राशी झाकल्या आणि बसून राहिला. मे अखेरपर्यंत ढग नाही. शेजाऱ्यांनी भरपूर मीठ काढलं. त्याच्या पुढच्या सालीही तेच. वादळं एका साली गुजरातेकडे जातात, एका साली ओमानकडे, एका साली उठतच नाहीत. समोरचा माणूस कुठे अडेल, कुठे नमेल, मला कळतं. इथे कोणाची कॉलर धरायची? मग मी त्याच्यावरच ओरडायचो, "बाबा, ऊन फुकट चाललंय!"

"मंग तुमी सांगा ना, औंदा येनार का नाय?"

मला सांगता यायचं नाही. तो राग अजून उतरलेला नाही.

तिसऱ्या साली मे महिन्यात गेलो, तर वाफ्यांत पांढरंशुभ्र मीठ फुललेलं. आणि खाडीचं पाणी अडवणारी लाकडी फळी त्याने स्वतःच्या हाताने वर उचलून ठेवलेली. भरतीचं पाणी मिठावर चढत होतं. मी चपला फेकून धावलो, फळी खाली दाबू लागलो. त्याने माझं मनगट धरलं. त्या हातात काही जोर नव्हता.

"ऱ्हाऊ द्या शेट. आता वादलाला न्यायला काय नाय ऱ्हायलं. आज झोप लागंल."

पीक बुडालं म्हटल्यावर पावसाआधीच भरावाचे डंपर बांधापाशी लागले. तो शिरढोणला लेकीकडे गेला. पुन्हा दिसला नाही.

मी मात्र जूनपर्यंत वाट बघितली. एक वादळ यावं, निदान त्याची भीती खरी ठरावी.

त्या साली समुद्र हललासुद्धा नाही.