पान त्र्याण्णव

बुधवारी सकाळी छापखान्याची गाडी आमच्या गल्लीत शिरली आणि जयवंता गजभिये घरातून पळाला. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, गुडघे धरलेले, पण मागच्या दाराने चप्पल न घालता निघाला तो थेट माझ्या स्वयंपाकघरात. ज्या पुस्तकाची अकरा वर्षं वाट पाहिली ते दारात उतरत होतं, आणि हा माझ्या ओट्याला टेकून उभा.

"ताई, पुस्तकं आली वं."

"मग उतरवून घे ना गा. पोरगी पळून गेल्यासारखं तोंड काहून केलं?"

"मले भेव लागून राहिलं," तो म्हणाला. एवढं बोलून त्याने घागरीतून पेलाभर पाणी घेतलं, आणि त्यातलं अर्धं सदऱ्यावर सांडलं.

जयवंता माझ्याहून दोन वर्षांनी लहान, लहानपणापासूनचा शेजारी. तो सॅक्सोफोन वाजवतो. पोटासाठी महादेवरावांच्या बँडपार्टीत वरातीपुढे वाजवला आणि जिवासाठी जॅझ. जॅझ म्हणजे काय ते मला अजून नीट कळलेलं नाही. तो म्हणतो, पाठ केलेलं वाजवायचं नाही. समोरच्याने बाजातून काही विचारलं तर त्याला तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. ही विद्या त्याला अजनीच्या रेल्वे क्वार्टरात राहणाऱ्या डग्लस नावाच्या गार्डसाहेबाने दिली. साहेब बहात्तर साली ऑस्ट्रेलियाला गेले ते आपला बाजा याच्या हाती देऊन. आता मोठमोठ्या शहरांतली पोरं याच्यासमोर मोबाइल धरून बसतात आणि म्हणतात, हा एकटा माणूस दोन माणसांचं वाजवतो. त्याच पोरांनी आठवणी लिहायचं टुमणं लावलं. याने लिहिल्या. मग एक प्रकाशक वारला, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरने फाइल गिळली, मध्ये कोरोना आला. "पुस्तक कवा येते गा?" विचारून विचारून वस्ती थकली. मी चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं वाचली. याच्या पुस्तकाची चार वेळा वाचली, आणि एक वेलांटी सुटू दिली नाही.

तर भीती होती त्र्याण्णव पानाची. ते पान त्याने ठेवलं ते माझ्यामुळे, म्हणून त्या दिवशी मीही आतून घाबरले होते. फक्त दाखवत नव्हते.

बँडवाल्यांचा एक रिवाज बाहेर कुणाला माहीत नसतो. नवरदेवाकडचे एकवीस माणसांचा बँड ठरवतात, पण वाजवणारे असतात तेरा. उरलेल्या आठांना लाल कोट घालायचे, हाती बाजे द्यायचे, आणि त्यांनी नुसते गाल फुगवून चालायचं. त्यांना डमी म्हणतात. डमी जेवायला शेवटच्या पंगतीत बसतो, आणि बँडमधला झांजवालासुद्धा त्याची टर उडवतो.

रुपराव नंदेश्वर डमी नव्हता. तो उमरेडकडच्या कोळसा खाणीतून आलेला, बँडमधला दुसरा सॅक्सोफोन आणि जयवंताचा जिवाचा दोस्त. दोघांचे सवाल-जवाब ऐकायला लोक बिनबोलावता वरातीत घुसायचे. सवाल रुपरावचा, जवाब जयवंताचा. मग चौऱ्याऐंशी साली रुपरावच्या छातीने दगा दिला. खाणीची धूळ बसली होती. डॉक्टरने सांगितलं, यापुढे फुंकलंस तर मेलास. मालकाला कळलं असतं तर त्याने रुपरावला डमींच्या रांगेत उभं केलं असतं. म्हणून या दोघांनी कुणाला कळू दिलं नाही. सवालाची वेळ आली की रुपराव पुढे येऊन गाल फुगवायचा, बोटं फिरवायचा. आणि जयवंता ढोलवाल्यांच्या मागे पाठमोरा होऊन रुपरावच्या जाड, घोगऱ्या आवाजात सवाल वाजवायचा. मग वळून आपल्या आवाजात जवाब द्यायचा. असं एक-दोन नव्हे, चौदा वर्षं, रुपराव जाईपर्यंत. एकट्याने दोघांचं वाजवायला जयवंता तिथे शिकला. डग्लससाहेबांनी जे सांगितलं होतं ते त्याला तिथे उमगलं.

हे सगळं त्याने एकाच कागदावर लिहिलं होतं, त्र्याण्णव आणि चौऱ्याण्णव, पुढून-मागून. प्रुफाच्या वेळी तो म्हणाला, "ताई, हे काढून टाक. रंभा वहिनी जिवंत हाये." मी कडाडले. म्हटलं, पुस्तकाचा जीव तेवढ्याच कागदात आहे, तो काढायचा तर कोरी वही छाप. रुपरावची बायको रंभाबाई तेव्हा पारशिवनीला लेकीकडे होती, आणि तिला वाचता येत नाही. कुठे कळणार आहे तिला, असं मी म्हटलं होतं. फार शहाणी मी!

आता रंभाबाई नागपुरात आली होती, नात वैभवीकडे. वैभवी रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात नर्स आहे. आजोबांना तिने पाहिलेलं नाही, पण त्यांचा सॅक्सोफोन काचेच्या कपाटात ठेवते. आजीला सगळं पुस्तक मोठ्याने वाचून दाखवणार, असं तिने जाहीर केलं होतं. रविवारच्या प्रकाशनात जयवंताने आजोबांचाच बाजा वाजवावा म्हणून तिने तो दुरुस्तही करून आणला होता. तेव्हा जयवंता घाबरणार नाही तर काय?

गुरुवारी दुपारी आम्ही दोघं त्याच्या खोलीत गठ्ठ्यांकडे बघत बसलो होतो. दारात रिक्षा थांबली आणि रंभाबाई उतरली. एकटीच. तिला बसायला जागा नव्हती, म्हणून ती पुस्तकांच्या गठ्ठ्यावरच बसली.

"भाऊजी," ती म्हणाली, "याच्यात त्याईच्या छातीचं लिहलं का तुमी?"

मीच विचारलं, "तुले कोणं सांगतलं वं?"

"कोणं सांगाले पायजे? बाजा मीच पुसत होती ना. आधी लगनातून घरी आला का बाजातून पाणी ठिबके, आतून फडकं फिरवलं का ओलं निंगे. मंग एका सालापासून कोरडंच निंगे. चौदा साल कोरडं. त्याईले वाटे, हिले काही समजत नाही. मी बी वाटू देल्लं." तिने पदराने कपाळ पुसलं. "म्या काही नाही म्हणत, भाऊजी. पण वैभवी वाचन ते. तिनं आजा पाह्यला नाही, तिच्यापाशी तेवढीच गोष्ट हाये. डमी होता म्हणून वाचन त कसं होईन तिचं? तीन रात्री झाल्या, मले झोप नाही."

एकाच कागदाला तिघं म्हातारे भीत होतो.

"वहिनी, पुस्तकात तेच त खरं हाये," जयवंता कसाबसा म्हणाला.

"मले माहीत हाये. म्हणून त आली."

त्याने माझ्याकडे पाहिलं. खरं ते खरं, असं ठणकावून सांगायची माझी जन्माची सवय. त्या दिवशी मी एक गठ्ठा त्याच्याकडे सरकवला.

जयवंताने एक पुस्तक काढलं. "कापतो. पण एक वेळ आयकून घ्या." आणि त्र्याण्णवपासून चौऱ्याण्णवच्या शेवटपर्यंत त्याने तिला वाचून दाखवलं. मध्ये दोनदा आवाज फुटला. रंभाबाई पायाच्या अंगठ्याकडे बघत ऐकत राहिली.

"हाव," शेवटी ती म्हणाली. "असंच होतं. कापा आता."

तीनशे प्रती होत्या. मी घरून ब्लेडं आणली. जयवंता कागद कापायचा, मी शिवण सुटली नाही ना ते बघायची, रंभाबाई कापलेले कागद पिशवीत भरायची. शुक्रवारी संध्याकाळी संपलं. कागद तिने आंघोळीच्या बंबात घालायला नेले. एखादी प्रत तशीच राहिली असेल या धसक्याने मी शनिवारी सगळ्या प्रती पुन्हा तपासल्या. एकही नव्हती.

रविवारी चारला रामदासपेठेतला हॉल भरला. स्टेजवर रंभाबाईची खुर्ची जयवंताच्या शेजारी, टेबलावर रुपरावचा चकचकीत बाजा. वैभवी पहिल्या रांगेत, आणि पाहुण्यांचं भाषण चालू असतानाच तिने पुस्तक उघडलं. आजोबांचं नाव शोधत भराभर पानं उलटत होती. एका जागी थांबली. मागे गेली, पुन्हा पुढे आली. भाषण संपताच ती उठून उभी राहिली.

"आबाजी, ब्याण्णवनंतर एकदम पंच्याण्णव कसं? इथं त आजोबांचंच चालू होतं." तिने जयवंताला विचारलं.

रंभाबाईने खुर्चीचा हात घट्ट धरला. छापखान्याचे मालक माझ्याकडे बघायला लागले, कारण त्यांनी कागद पुरा छापला होता हे त्यांना ठाऊक होतं.

मी उभी राहिले. "माझी चूक आहे, बाई," मी म्हणाले. "प्रुफात माझ्या हातून पान राहून गेलं." चाळीस वर्षांत हे वाक्य मी कधी उच्चारलं नव्हतं. मालकांनी मान खाली घातली आणि ते गप्प राहिले. देव त्यांचं भलं करो.

वैभवी हिरमुसली, पण बसली. तेवढ्यात मागून जयवंताच्या एका शागिर्दाने नको तेच विचारलं: एकट्याने सवाल आणि जवाब दोन्ही वाजवायला तुम्ही कुठे शिकलात? त्याचं उत्तर परवाच रंभाबाईच्या बंबात जळलं होतं.

जयवंताने माइक ओढून घेतला.

"एकट्यानं नाही वाजवत मी," तो म्हणाला. "सवाल रुपरावचा हाये. चाळीस साल झाले, मी अजून त्याचाच जवाब देऊन राहिलो."

मग त्याने रुपरावचा बाजा उचलला. पहिला सूर फाटला, वाटलं आता सगळंच हातचं जाणार. मग आला तो आवाज, जाड, घोगरा. रंभाबाईने डोळे मिटले. चौऱ्याऐंशीच्या आधीचा तो आवाज तिथे आम्हा तिघांनीच ऐकलेला होता. मला भर हॉलमध्ये रडू कोसळलं, आणि मी डोळे पुसलेही नाहीत.

वाजवून झाल्यावर त्याने बाजा रंभाबाईच्या मांडीवर ठेवला. टाळ्या चालूच होत्या. तिने कमरेची पिशवी उघडून फडकं काढलं, जुन्या सवयीने बाजातून आरपार ओढलं, आणि हातात धरून बघत बसली. वैभवी स्टेजवर आली होती.

"हे पाय वं," रंभाबाई तिला म्हणाली, "ओलं झालं."

"वाजवल्यावर होतेच ना, आजी."

"हाव, होते ना," रंभाबाई म्हणाली. फडकं तिने पिशवीत परत ठेवलं नाही. घरी जाईपर्यंत मुठीतच धरलं होतं.