फाळक्यामागचे दिवे

उत्तम गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर उघडत होतो. छातीत दुखतं म्हणून त्याला त्याच्याच पिकअपमध्ये पुढे बसवून वाशीमला नेलं होतं. दवाखान्याच्या दारातच संपला. आणताना मागच्या हौद्यात झोपवून आणलं. घरापुढे गाडी थांबली आणि चौघांना त्याला बाजूच्या कडेवरून उचलून उतरवावं लागलं, कारण हौद्याचा मागचा फाळका, खाली पडणारं दार, उघडतच नव्हता. "काहून बंद केला असंन यानं असा?" गर्दीतला एक पाहुणा वैतागून बोलला. मला त्या माणसाचा भयंकर राग आला. फाळका उत्तमनेच वेल्डिंग करून बंद केला होता. का, ते आमच्या केनवड गावात बहुतेकांना माहीत होतं, पण त्यावर बोलायचं नाही असं जणू ठरलेलं.

आम्ही एका वर्गातले. उत्तम बडबड्या, हौशी, गाडीला पोरीसारखा जीव लावणारा. मागचे जुने बल्ब पिवळट, खड्ड्यात आदळलं की तार तुटायची. म्हणून एका दिवाळीआधी त्याने ब्रेकचे आणि सिग्नलचे सगळे बल्ब काढून एलईडी बसवले. स्वतःच, अंगणात. सिग्नल वेड्यासारखे भराभर लुकलुकायला लागले. एलईडी इतकी कमी वीज खातो की सिग्नल लुकलुकवणाऱ्या जुन्या फ्लॅशरला बल्ब गेल्यासारखंच वाटतं. मग फ्लॅशरही बदलला. मला ब्रेकवर पाय ठेवून बसवलं आणि स्वतः पार हापशीपर्यंत चालत गेला. तिथून ओरडला, "विलास, डोये दिपून राह्यले बे! आता कोनी मागून भिडत नाही!"

त्याच हिवाळ्यात, हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत, तो तुषार सिंचनाचे पाइप घेऊन निघाला होता. पाइप हौद्यापेक्षा लांब, म्हणून फाळका खाली सोडलेला. आमच्याकडे सगळेच सोडतात. सोडलेला फाळका लोंबकळत बरोबर मागच्या दिव्यांवर येतो, हे कुणाच्या मनातही येत नाही. दिवेलागणीला म्हशी आडव्या आल्या, त्याने ब्रेक दाबला. मागून मोटारसायकलवर शेजारच्या गावचा पोरगा होता... पाइपांवरच आला. जागीच गेला.

पोलिसांनी गाडी तपासली तोवर पाइप उतरवून फाळका वर केलेला होता. ब्रेक दाबला, दिवे लखलखले. दिवे चालू होते, पोरगाच जोरात होता, असं ठरलं. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मीही उत्तमची समजूत घालत होतो. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "लागले होते रे. पन त्याले दिसले काय?"

त्या पोराची तेरवी झाल्यावर उत्तमने तिकडे जायचं ठरवलं. भाऊबंदांनी अडवलं, अंगावर केस ओढून घेशील म्हणाले. ऐकलं नाही. मी सोबत होतो. पोराची आई ओसरीवर बसली होती. उत्तम तिच्यासमोर जमिनीवर बसला. "माय, दिवे चालू होते, पन फाळका खाली होता. मीच सोडला होता." ती रडली नाही, तिने शिव्याही दिल्या नाहीत... एवढंच म्हणाली, "आता तरी नोको सोडू बाबा." दुसऱ्याच दिवशी त्याने फाळक्याला वेल्डिंग मारून घेतलं.

मग पाइप, बांबू, लांबीचं सगळं भाडं बंद. पोती वरून उचलून टाकावी लागतात म्हणून हमाल कुरकुरायचे. बडबड्या उत्तम मला पुन्हा दिसला नाही. डॉक्टर हृदयविकार म्हणाले. माझ्या मते माणूस त्या रस्त्यावरच निम्मा संपला होता, आणि त्याला परत आणणं आमच्यातल्या कुणालाच जमलं नाही.

मागच्या आठवड्यात उत्तमच्या बायकोने, सुमनवहिनींनी, बोलावलं. गाडीला गिऱ्हाईक आलं होतं. त्याने फाळक्यावर थाप मारली. "हे ग्राइंडरनं कापून टाकू, काही नाही त्यात."

"मंग नाही द्याची गाडी," वहिनी दारातून म्हणाल्या.

मी त्यांना बाजूला घेतलं. घर चालवायचंय, पोरीचं कॉलेज आहे, नुसत्या लोखंडाचा कसला जिव्हाळा, असं बरंच बोललो.

"भाऊजी, हे गेले, सुटले. त्या पोराची माय हाय ना अजून. बजाराले येते तं आधी आमच्या गाडीच्या मांगं येऊन पाह्यते, अन् मंग जाते. तिले फाळका लोंबलेला दिसला तं मी काय सांगू?"

गिऱ्हाईक निघून गेलं. दुसऱ्या दिवशी केनवडचा बाजार होता. वहिनींनी किल्ली माझ्या हातात दिली आणि गाडी रस्त्याकडे पाठ करून लावायला सांगितली. मी लावली. ती माउली येईपर्यंत थांबायचं मात्र माझ्याच्यानं झालं नाही.