काशिनाथचा वीस लिटरचा कॅन

काशिनाथ गेल्याचा फोन आला तेव्हा मी माशांच्या टाकीच्या मागं हात घालून तिसरा पाइप चाचपत होतो. सकाळचे दहा वाजले असतील. पाइप कोरडा होता. फोनवर त्याची मुलगी होती, दोनच वाक्यं बोलली... बाबा दुकानात काच कापता कापता खाली बसले, ते उठलेच नाहीत. मी ‘हो, हो, निघतो’ म्हणालो, फोन ठेवला आणि पुन्हा टाकीच्या मागं हात घातला. कशासाठी, ते मला विचारू नका. पाच आठवडे झाले, अजून दिवसातून चारदा मी तेच करतो आहे. बायको म्हणते, एका जागी बसा. एका जागी बसणं मला आयुष्यात जमलं नाही, आणि इथं जे सांगायचं आहे तेही त्या उतावीळपणातूनच घडलं.

काशिनाथचं छावणीच्या बाजारात काचेचं दुकान होतं. फोटोच्या चौकटी, खिडक्यांची तावदानं, आणि आवड म्हणून माशांच्या टाक्या. घर मूळचं वेरूळकडचं, वडील मेंढ्या राखायचे. संध्याकाळी मेंढ्या मोजल्याशिवाय बाप भाकरीला हात लावत नसे, हे तो कौतुकानं सांगायचा, आणि त्याची स्वतःचीही रीत तीच होती. आधी मोजायचं, मग पुढचं पाऊल. मी पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचो, पण रेघ आधी ओढायची आणि माप नंतर बघायचं हा माझा खाक्या. तो मला ‘साहेब’ म्हणायचा, ते वयाचा मान म्हणून. कामाच्या बाबतीत साहेब तोच होता.

अकरा वर्षांपूर्वी जालना रोडवरचं एक जुनं हॉटेल पाडून तिथं मोठं संकुल उभं राहणार होतं, त्या मोडतोडीत मला सहा फुटांची टाकी मिळाली. तेव्हा शहर चहूबाजूंनी वाढत होतं, आमच्या पुंडलिकनगरात मोकळा प्लॉट औषधालासुद्धा राहिला नव्हता. पाणी मात्र होतं तेवढंच, आणि त्या दुष्काळाच्या उन्हाळ्यात तर तेवढंही नाही. नळ आठव्या दिवशी यायचा. अशा वर्षात मला त्या टाकीत खारं पाणी आणि समुद्रातले मासे हवे होते. बायको म्हणाली, माणसांना प्यायला नाही आणि यांना समुद्र पाहिजे. तिचं बरोबर होतं. मी ऐकलं नाही.

टाकीच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांत काळ्या काचेचे उभे कप्पे कायमचे चिकटवलेले होते. वरचं जादा पाणी त्यांत पडायचं आणि तळाच्या भोकांतून खालच्या गाळणीत उतरायचं. काशिनाथनं ते पाहून मान हलवली. गोड्या पाण्याला हे चालून गेलं, खाऱ्याला चालणार नाही, म्हणाला. खारं पाणी चोवीस तास जोरात फिरवावं लागतं, आणि एका कप्प्याला एकच पाइप. त्यात एखादी गोगलगाय अडकली की सगळा समुद्र दिवाणखान्यात. शिवाय ते कप्पे दिवसभर चूळ भरल्यासारखा आवाज करणार. त्याचा बेत असा, की कप्पे कापून काढायचे, तळाची भोकं जाड काचेचे तुकडे चिकटवून बुजवायची, मागच्या काचेला वरच्या अंगाला नवी भोकं पाडायची आणि बाहेरून एक लहान कप्पा बसवायचा. त्याला तीन पाइप. पहिला भरून वाहणार, दुसऱ्यातून बारीक धार, आणि तिसरा रिकामा.

“तिसऱ्याचं काम कोरडं राहायचं,” तो म्हणाला. “रोज हात लावत जावा. वला लागला की समजा, पहिल्या दोघांचं कायतरी बिनसलंय.”

चार रविवार आम्ही ते कप्पे कापत होतो. बारीक पोलादी तार जोडात घालायची, एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला मी, आणि करवतीसारखी ओढायची. मी जोरात ओढायचो, तार तुटायची, तो मोजून नवी तार घ्यायचा. एकदा माझं बोट कापलं तेव्हा मात्र हसला, म्हणाला, काच घाई बरोबर ओळखते. तळाची भोकं बुजवून झाल्यावर त्यानं एकच अट घातली, टाकी काठोकाठ भरून सात दिवस तशीच ठेवायची. मधे तांब्याभरसुद्धा काढायचं नाही. पाण्याचं वजन कमी झालं की कच्चा जोडही पक्का वाटतो.

नळाच्या दिवशी आम्ही टाकी भरली. हे लिहिताना आजही मी दोनदा उठून फेऱ्या मारून आलो... कारण घरात तेव्हा आमची लेक बाळंत होऊन आलेली, नातू वीस दिवसांचा. आठवड्याच्या पाण्यातला मोठा वाटा टाकीनं घेतला आणि चौथ्या दिवशी हौदाचा तळ लागला. टँकरवाला दोन दिवसांनंतरचा वायदा करत होता. मी टाकीत रबरी नळी घातली आणि बाळाच्या धुण्याला, बाळंतिणीच्या न्हाण्याला पाणी काढलं. त्यात माझी चूक नाही, अजूनही तेच म्हणेन. चूक पुढं झाली. आणखी आठ दिवस थांबून, पुन्हा भरून, पुन्हा बघायचं, एवढा धीर मला नव्हता. सातव्या दिवशी मी फोन करून सांगितलं, सात दिवस झाले, टिपूस नाही.

“भरल्याली होती ना पूर्ण?” त्यानं विचारलं.

“हो.”

दुसऱ्या दिवशी तो येऊन रिकामी टाकी बघून गेला, आणि आम्ही मीठ कालवलं. तीन आठवड्यांनी शहरातले एक डॉक्टर टाकी बघायला आले. त्यांच्या नव्या दवाखान्यात भिंतभर टाकी करायची होती आणि ते काम काशिनाथला मिळणार होतं. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. डॉक्टर मासे बघत असताना त्याची नजर खाली गेली. टाकीखालच्या लाकडी घोडीवर मिठाची पांढरी रेघ उतरली होती. त्यानं गुडघे टेकले, ओल बोटाला लावून चाखली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “जोड माझाच कच्चा राहिला.” मी चहाचा ट्रे घेऊन तिथंच उभा होतो. एक वाक्य बोलायला कितीसा वेळ लागतो... मी कप वाटले. डॉक्टरांनी काम दुसऱ्याला दिलं, गोष्ट हौशी मंडळींत पसरली, आणि त्यानंतर मोठी टाकी काशिनाथकडं आली नाही. तो चौकटी आणि तावदानं करत राहिला. चौथ्या दिवशी न दिसलेली ओल सहाव्या दिवशी दिसली असती का, हे आता कोण सांगणार. पण दिसण्याची संधी मी ठेवली नाही, एवढं नक्की.

तो जोड त्यानं पुन्हा केला. पुन्हा सात दिवस. या वेळी तो रोज छावणीहून स्कूटरवर यायचा आणि पायापाशी वीस लिटरचा कॅन असायचा. त्याच्या घराशेजारच्या आडाला तेव्हा पाणी टिकून होतं. पांढऱ्या कॅनवर लाल रंगानं त्याचं नाव. कॅन स्वयंपाकघराच्या दारात ठेवायचा, बायकोला म्हणायचा, हे घरात वापरा वहिनी, टाकीकडं बघू नका. मग टाकीभोवती बोट फिरवून निघून जायचा. मला तेव्हाच कळायला हवं होतं, असं लिहिणार होतो. खरं म्हणजे तेव्हाच कळलं होतं. मी रोज कॅन उचलून आत ओतत होतो आणि गप्प बसत होतो.

शेवटच्या दिवशी कॅन आमच्याकडंच राहिला. आपल्यात कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत, वाटी असली तरी चिमूटभर साखर घालतो. त्या उन्हाळ्यात वीस लिटर भरून देणं शक्य नव्हतं. पुढं पावसाळे बरे झाले, पण कॅन टाकीमागंच राहिला. नातू अकरा वर्षांचा झाला. काशिनाथ भेटला की विचारायचा, साहेब, माझा कॅन? मी म्हणायचो, भरून आणतो. जाण्याच्या पंधरा दिवस आधी दुकानात भेटलो तेव्हाही त्यानं विचारलं होतं, आणि मी हसण्यावारी नेलं.

गेल्या रविवारी कॅन घासला, भरला आणि छावणीत घेऊन गेलो. काशिनाथची बायको, सुमनवहिनी, घरात एकट्याच होत्या. दारातच उभं राहून सगळं सांगितलं... चौथा दिवस, रबरी नळी, फोन, डॉक्टर. बसा म्हणाल्या, बसलो नाही. त्यांनी कॅन उचलून आत नेला, पाणी माठात ओतलं आणि बाहेर आल्या.

“त्यांना ठाव होतं,” त्या म्हणाल्या. “आठव्या दिवशी तुमच्याकडं आले तवा अख्खी गल्ली टँकरची वाट बघत व्हती, आन तुमच्या वळणीवर लंगोट वाळत व्हते. मिठाची रेघ दिसली तवा त्यांनी ते जुळवलं.”

मग विचारलं का नाही, मी म्हणालो.

“म्या बी तेच म्हणायची. तर म्हणायचे, लेकरासाठी काढलं, त्याचं काय विचारायचं. सांगतील साहेब आपल्या मनानं. म्हणून तर कॅन मागत व्हते. कॅन द्यायला येतील तवा सांगतील म्हणायचे.”

अकरा वर्षं तो मला दार उघडून देत होता, आणि सगळ्या बाबतीत घाई करणारा मी तेवढ्या एकाच बाबतीत सावकाश चाललो. मला फार लाज वाटली. रडूही आलं, ते त्यांच्यासमोरच.

कॅन तिथंच ठेवून आलो. टाकीमागं आता फरशीवर त्याचा चौकोनी डाग आहे, पुसून जात नाही. त्याच्या दुसऱ्या जोडातून आजवर थेंब गळलेला नाही. मी वाकतो, तिसऱ्या पाइपाला हात लावतो. कोरडा असतो. तरी हात लगेच काढून घ्यावासा वाटत नाही.