सीलबंद माश्या

मुखेड तालुक्यातलं ते प्रकरण मी अजून विसरलेलो नाही. कोरड्या दुष्काळाचं वर्ष होतं. गुडघाभर ज्वारी शेतातच करपली होती. त्यात नव्या जिल्ह्याच्या मागणीसाठी रोज कुठे ना कुठे रास्ता रोको व्हायचा, म्हणून आमच्या ठाण्यातले निम्मे पोलीस बंदोबस्तावर असत.

एके सकाळी एका गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला. "साहेब, एक बाई झाडाला कुजलेलं काळीज टांगून राहिलीय. इकडं दोन बैल मेले. लोक लई तापलेत, लवकर या."

आम्ही पोचलो तेव्हा जमावाने तिला देवळाच्या ओट्यावर बसवून ठेवलं होतं. बैलमालक अप्पांनी विष घातल्याची तक्रार दिली. पंचांसमक्ष मी तिच्या चाळीसेक बाटल्या जप्त करून त्यांना लाखेचं सील लावलं. प्रत्येकीत स्पिरिट आणि हिरव्या माश्या.

ठाण्यात मी तिला विचारलं, "माश्या कशाला?"

"प्रेतावर ह्याच आधी येतात, साहेब. म्हणून तर कुजलेलं काळीज टांगून यांना पकडते. यांच्या अळीच्या वयावरून मरणाची वेळ काढतात. पण मुखेडची माशी अन् निलंग्याची माशी एकाच कुळातली का वेगळी, ते नुसतं बघून कळत नाही. त्यांच्या डीएनएमधल्या खुणा शोधून राहिलेय मी." मग म्हणाली, "बाटल्या थंड जागी ठेवा. स्पिरिट उडालं तर बदलावं लागतं."

"मुद्देमाल कोर्टाच्या परवानगीशिवाय उघडता येत नाही," मी सांगितलं. ते खरंच होतं.

ती संशोधन करते याची तिच्या महाविद्यालयाकडून खात्री झाल्यावर तिला सोडलं. पुढे पशुवैद्यकीय डॉक्टरांचा अहवाल आला. बैलांच्या पोटात करपलेल्या ज्वारीचे कोवळे फुटवे होते. त्याने जनावराला किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते. हे तिकडे सगळ्यांना ठाऊक असतं. मी अप्पांना बोलावलं, पाणी दिलं आणि विचारलं, "बैल ज्वारीत कुणी सोडले?"

अप्पांनी पेला खाली ठेवला. "मीच. दोन दिस दावणीला काडी नव्हती. किराळ लागंल हे माहीत होतं, पर त्यांच्याकडं बघवत न्हवतं. गावातल्या पोरांनी बाईचं नाव घेतलं, अन् मी गप बसलो."

तपास संपला, पण बाटल्या परत द्यायच्या आदेशाला महिना लागला. मुद्देमालाची खोली पत्र्याची, वर ऑक्टोबरचं ऊन. बाटल्या घ्यायला ती आली, लाखेचं सील फोडलं आणि एकेक बाटली उजेडात धरली.

"स्पिरिट उडालंय, साहेब. माश्या सडल्या. यातून आता काही निघणार नाही."

"किती दिवसांचं काम होतं?"

"वर्षाचं."

ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने पंचनाम्याची नक्कल मागितली, कारण बाटल्यांवरची गावांची नावं त्यात होती. शिवाय एक पत्र मागितलं, गावोगावच्या पोलीस पाटलांना दाखवायला. मी ते स्वतः लिहून दिलं. पत्र पिशवीत घालून ती बिलोलीच्या एसटीत बसली. पहिल्यापासून सुरुवात करायला.

माझ्या कागदांत एकही चूक नव्हती. वरिष्ठांनी मला एक शब्दही विचारला नाही. पण त्यानंतर सेवेत असेपर्यंत, कुठल्याही वस्तूवर लाख ओतण्याआधी मी त्या वस्तूच्या मालकाला विचारत राहिलो: हे आत ठेवलं, तर याचं काय होईल?